लंडनच्या सहलीतही ‘एक ते चार’

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांची जेवढी चेष्टा झाली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असेल. त्यात नारायण, सदाशिव आणि शनिवार पेठेचा वाटा मोठा. पण परदेशातल्या एखाद्या मोठ्या शहराची सहकुटुंब सहल आखायला बसले, की हीच बदनाम सवय सर्वांत उपयोगाची ठरते. नेमकी तीच घरी ठेवून मंडळी विमानात बसतात.

सहलीची तयारी कशी होते, ते घरोघरी सारखेच. व्हिसा, तिकिटे, हॉटेल, पैशांची सोय, चिवडा-चकलीचे डबे. मग पाहायच्या ठिकाणांची यादी होते आणि ती दिवसागणिक वाढत जाते. एवढा खर्च करून चाललोच आहोत तर हेही पाहू, तेही पाहू. समजा, घरातून सहा जण निघाले आहेत. आजोबा बहात्तर वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. आजी अडुसष्टच्या, गुडघे कुरकुरणारे. मुलगा आणि सून चाळिशीतले, नातू आठ वर्षांचा, नात तीन वर्षांची. यादी बहुतेक वेळा मुलगा किंवा सून करते आणि नकळत ती चाळिशीतल्या पायांच्या हिशेबाने होते. सहल मात्र सहा शरीरांना करायची असते. त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच कुटुंबाचा वेग, हे ज्यांनी आधी मान्य केले त्यांची सहल बहुधा नीट पार पडते. इतरांची तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या नाही तर भांडणाच्या दारात जाऊन उभी राहते.

उदाहरणादाखल लंडनच घेऊ. पुण्यातल्या कुटुंबांचे ते आवडते शहर, आणि नारायण पेठेचे तर या शहराशी शंभर वर्षांपूर्वीचे नाते आहे.

केसरीवाड्यातून मैडा व्हेलला

नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजेच केसरीवाडा, हे लोकमान्य टिळकांचे घर. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या पुस्तकावरून केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक १९१८ मध्ये लंडनला गेले आणि १९१९ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिले. मैडा व्हेल भागातल्या १०, हाऊली प्लेस या घरावर आज त्यांच्या वास्तव्याची खूण सांगणारी निळी पाटी आहे.

त्या वेळी टिळक साठी ओलांडलेले होते आणि त्यांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगातही तो त्यांच्या सोबतीला होता. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये टोरंटोत आणि माणसाला ते पहिल्यांदा टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीच गेले. म्हणजे लंडनच्या त्या मुक्कामात आहार सांभाळणे एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. शिवाय १९१८ हे इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीचे वर्ष.

आजच्या आजोबांच्या हाताशी गोळ्या आहेत, इन्सुलिनचे पेन आहे, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर सांगणारे यंत्र आहे. एका बाबतीत मात्र टिळकांचा प्रवास आजच्यापेक्षा सुखाचा होता. ते जहाजाने गेले. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावरची घड्याळे दर थोड्या दिवसांनी थोडी थोडी मागे करतात, त्यामुळे काही आठवड्यांत शरीराला नव्या वेळेची सवय होऊन जाते. विमान मात्र मुंबईहून नऊ-दहा तासांत लंडनला नेऊन सोडते. माणूस तिथे उतरतो, त्याच्या आतले घड्याळ नारायण पेठेतच राहते.

घड्याळात साडेचार, सूर्याचे पाच

मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ब्रिटनमध्ये घड्याळे तासभर पुढे केलेली असतात. त्या काळात भारत लंडनच्या साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. पण शरीर घड्याळाच्या काट्यांपेक्षा सूर्याचे जास्त ऐकते. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून. पुणे त्याच्या पश्चिमेला, सुमारे ७३.८५ अंशांवर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या सुमारास. लंडन शून्य रेखावृत्ताला लागून असल्याने दोन्ही शहरांच्या सूर्यांतले खरे अंतर जवळजवळ पाच तासांचे आहे, उन्हाळा असो की हिवाळा.

हे आतले घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाश्यांवरच्या संशोधनातून झाला. त्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशींमधली काही जनुके एक प्रथिन तयार करतात. ते पुरेसे साठले की स्वतःचेच उत्पादन थांबवते, पुढे ते विरघळले की चक्र पुन्हा सुरू होते. एका फेरीला साधारण चोवीस तास लागतात. झोप, भूक, शरीराचे तापमान, रक्तदाब, पोट साफ होण्याची वेळ, हे सारे त्या तालावर चालते. आणि या घड्याळाला रोज जुळवून घेणारा मुख्य हात म्हणजे प्रकाश.

आता साधा हिशेब करून पाहू. उन्हाळ्यातल्या लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे दहा झालेले असतात. पहाटे पाचला उठणाऱ्या आजोबांना पहिल्या रात्री लंडनच्या घड्याळात साडेबारालाच जाग येते. आणि पेठेतले ‘एक ते चार’ लंडनमध्ये पडतात सकाळी साडेआठ ते साडेअकरा या वेळेत. सगळ्या सहलींचा पहिला मोठा कार्यक्रम ठेवलेला असतो नेमका तेव्हाच. दुपारची ती सुस्ती केवळ पोटभर जेवल्याने येत नाही. न जेवताही त्या वेळी सावधपणा थोडा उतरतो, हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे. विमानातून उतरलेले, रात्रभर न झोपलेले कुटुंब त्या सुस्तीत राजवाड्यासमोर तासभर उभे राहते आणि मग आजोबांना गरगरते, नात रडते, सून वैतागते. त्यात कुणाचा दोष नसतो. राजवाडा वामकुक्षीच्या वेळेत आलेला असतो, एवढेच.

पश्चिमेला जाणे तुलनेने सोपे. बहुतेकांचे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठे असल्यामुळे त्याला दिवस लांबवणे आवडते. रोज साधारण एक ते दीड तास या गतीने ते मागे सरकते, म्हणजे तीन-चार दिवसांत जुळते. त्यासाठी संध्याकाळचा उजेड हवा. जूनमध्ये लंडनला सूर्य नऊनंतर मावळतो, हा उजेड फुकटचे औषध समजावे. पहिले दोन दिवस संध्याकाळी उघड्यावर हिंडावे, रात्री नऊच्या आसपास झोपावे. मध्यरात्री जाग आली तर दिवा आणि मोबाइल लावू नये, चहा टाकू नये, पडून राहावे. दिवसा डोळे मिटतच असतील तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरे. तीन तास झोपलेला माणूस रात्रभर छताकडे पाहतो.

कळसूबाईपेक्षा उंच खुर्ची

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, पण आतल्या हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे नऊ-दहा तास कळसूबाईच्याही वर बसून राहण्यासारखे ते असते. रक्तातले प्राणवायूचे प्रमाण थोडे उतरते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण ज्यांना एक मजला चढताना धाप लागते, जुना दमा किंवा फुफ्फुसाचा आजार आहे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तिकीट काढून झाल्यावर विचारले, की उत्तर ऐकण्याची तयारी राहत नाही.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आणि कमी दाबामुळे पोटातला वायू फुगतो. त्यामुळे निघण्याआधी वाटाण्याची उसळ नको, आणि प्रवासात पाणी घोट घोट पीत राहावे. ‘सारखे उठावे लागेल’ म्हणून पाणी टाळणाऱ्या आजी-आजोबांना मधली वाट असलेली जागा द्यावी. ते उठतील तेच बरे. तीन वर्षांच्या नातीला विमान उतरताना काहीतरी प्यायला किंवा चघळायला द्यावे, कान दुखत नाहीत.

उठण्याचे कारण पायातल्या रक्ताच्या गुठळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चार तासांपेक्षा जास्त प्रवास बसून केला, की शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे त्यात दिसले. निरोगी माणसाच्या बाबतीत तो एकंदरीत कमीच, म्हणजे अशा सहा हजार प्रवासांमागे एक. पण हा धोका विमानापुरता नाही, बस, गाडी आणि रेल्वेलाही तो लागू आहे. नारायण पेठेतून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे चार-पाच तास, तिथे थांबणे, मग उड्डाण, असे सारे एकत्र मोजले तर पाय बराच काळ लोंबकळतच राहतात. वय, लठ्ठपणा, पूर्वी झालेली गुठळी, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या यांनी धोका वाढतो.

उपाय साधे आहेत. द्रुतगती मार्गावर एकदा तरी उतरून पाय मोकळे करावेत. विमानात जागे असताना तासा-दीड तासाने उठावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, टाचा उचलून पोटऱ्या आवळाव्यात. झोपेची गोळी घेऊन एकाच अवस्थेत आठ तास पडून राहू नये. दाबाचे मोजे किंवा रक्त पातळ करणारे औषध मात्र डॉक्टरांनी सांगितले तरच. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने अॅस्पिरिन घेऊ नये.

पर्वतीच्या मापाने लंडन

पर्यटक दिवसभरात किती चालतो याचा अंदाज घरात बसून येत नाही. विमानतळावरचे लांब पट्टे, भुयारी रेल्वेतले बोगदे, संग्रहालयांचे दालनामागून दालन. जो एरवी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो, त्याला अचानक आठ-दहा किलोमीटर चालावे लागते.

पुणेकरांना यासाठी एक हुकमी माप आहे. पर्वतीच्या पायऱ्या १०३. लंडनच्या कोव्हेंट गार्डन स्थानकात जिन्याने वर यायचे तर १९३ पायऱ्या, म्हणजे जवळजवळ दोन पर्वती. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटावरच्या सर्वांत वरच्या सज्जापर्यंत ५२८, म्हणजे पाच पर्वतींहून थोड्या जास्त. कोव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, ती वापरावी. सेंट पॉल्सच्या वर नातू आणि त्याचे बाबा जातील, आजी-आजोबांनी खालचे भव्य दालन पाहून बाकावर बसावे. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे असा नियम कोणत्याही व्हिसावर छापलेला नसतो.

तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हावी. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे, मग दर आठवड्याला पाच-सात मिनिटे वाढवत जावे. पेठेतून नदीकाठाने एक फेरी, पुढे सारसबागेपर्यंत, शेवटच्या पंधरवड्यात सोसेल तर पर्वती. छातीत दुखले, चालताना पोटऱ्यांत गोळे आले किंवा फार धाप लागली, तर ती माहिती पुण्यात कळली हे उत्तमच. गुडघे दुखणाऱ्यांनी फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे दोन-तीन व्यायाम शिकून घ्यावेत. या वयातही सहा आठवड्यांत स्नायूंना ताकद येते.

बूट नवे घ्यायचे असतील तर महिनाभर आधी घेऊन रोज घालावेत. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, फोड आलेला कळत नाही. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावे.

गुडघ्यांसाठी लंडनची बस ही भुयारी रेल्वेपेक्षा भली. भुयारी रेल्वेच्या स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणीच पायऱ्यांशिवाय फलाटावर जाता येते, त्यांचा वेगळा नकाशा मिळतो. बस मात्र सखल तळाच्या असतात, चढायला पायरी लागत नाही. विमानतळावरची चाकाची खुर्ची घेण्यात कमीपणा मानू नये. ती हवी असल्याचे दोन दिवस आधी कळवावे.

आणखी एक धोका दिसत नाही तो हॉटेलच्या न्हाणीघरात. घरी सपाट फरशीवर बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या आजी तिथे उंच काठाच्या गुळगुळीत बाथटबमध्ये उतरतात. मध्यरात्री जाग आलेले आजोबा अनोळखी अंधारात दार शोधतात. लंडनच्या जुन्या छोट्या हॉटेलांत अनेकदा लिफ्ट नसते. म्हणून खोली घेताना तीन प्रश्न विचारावेत: लिफ्ट आहे का, सपाट शॉवर आहे का, पकडायला दांडा आहे का. जोडीला एक छोटा रात्रीचा दिवा आणि रबरी तळाच्या सपाता न्याव्यात.

औषधांची पिशवी आणि खाऊचा डबा

सगळी औषधे हातातल्या सामानात, मूळ पाकिटांसह. मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तीत औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून घेतलेली. पुण्यातली कंपनीची नावे लंडनच्या औषध दुकानदाराला ओळखीची नसतात. प्रतिजैविके तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

इन्सुलिन कधीही खाली जाणाऱ्या सामानात ठेवू नये, तिथे ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पश्चिमेला जाताना दिवस साडेचार तासांनी लांबतो, परत येताना तेवढाच आखडतो. मात्रा कशी बदलायची याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. जेवणाआधीचे इन्सुलिन विमानात ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. विमान हेलकावे खाऊ लागले की जेवण तासभर लांबू शकते. साखर उतरली तर लगेच घेण्यासाठी ग्लुकोज खिशात हवे.

ब्रिटनमध्ये रक्तातली साखर वेगळ्या एककात मोजतात. आपल्या आकड्याला अठराने भागले की तिथला आकडा येतो. आपले १८० म्हणजे तिथले १०, आपले ७० म्हणजे तिथले ३.९. तिथल्या डॉक्टरने ‘बारा’ म्हटले तर घाबरून साखर खायची नाही, ती आपल्याकडची २१६ असते.

खाऊच्या डब्यातही आरोग्याइतकाच कायद्याचा विचार लागतो. भारतातून ब्रिटनमध्ये दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि बर्फी घरीच. बाकरवडी चालते. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये, संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरलाही ती निषिद्ध आहे. म्हणजे खसखस लावलेले अनारसेही राहू द्यावेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिनसुद्धा ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. ज्या देशात जायचे आणि ज्या देशात विमान बदलायचे, त्या दोन्हींचे नियम पाहावेत.

मेअखेर ते जुलै हा ब्रिटनमध्ये गवताच्या परागकणांचा हंगाम. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी पंप विसरू नये, तो पुण्यात महिनोन् महिने लागला नसला तरी.

विमा, खरे सांगून काढलेला

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्ती नाही, म्हणून अनेकजण तो काढत नाहीत. ‘तिथे सगळे मोफत असते’ हा समज अर्धाच खरा. आपत्कालीन विभागातले सुरुवातीचे उपचार परदेशी पाहुण्यालाही मोफत मिळतात. पण रुग्णालयात दाखल करावे लागले, की राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या खर्चाच्या दीडपट रक्कम पाहुण्याकडून घेतली जाते. मोडलेले खुब्याचे हाड किंवा हृदयविकाराचा झटका यांचे बिल सहलीच्या खर्चाच्या कित्येक पट होऊ शकते, आणि ते थकले तर पुढच्या व्हिसात अडचण येते.

विमा काढताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सारे लिहावे. हप्ता वाढतो म्हणून लपवलेला आजार दावा करताना हमखास पुढे येतो. आधीपासूनचे आजार पॉलिसीत कितपत धरले आहेत, ते ओळ न् ओळ वाचावे. बऱ्याच पॉलिसींत जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरतेच ते धरलेले असतात. विमा कंपनीचा क्रमांक, ब्रिटनचा आपत्कालीन ९९९ आणि तातडी नसलेल्या वैद्यकीय सल्ल्याचा १११ हे घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावेत. मुलांच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि आईवडिलांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हवी.

दिवस कसा मांडावा

पहिला दिवस पाहण्याचा नाही, उतरण्याचा. हीथ्रोहून पॅडिंग्टनला थेट रेल्वे आहे. तिथून जवळच ‘लिटल व्हेनिस’ नावाचा कालव्याकाठचा सपाट रस्ता आहे आणि हाऊली प्लेसमधले टिळकांच्या पाटीचे घरही त्याच परिसरात. ते खाजगी घर असल्याने बाहेरूनच पाहायचे, पाच मिनिटांचे काम. पण संध्याकाळच्या उन्हातली ती सावकाश फेरी म्हणजे बदललेल्या वेळेवर डॉक्टरांनी लिहून द्यावे असेच औषध. नातवाला घरासमोर उभे करून केसरीवाड्याची आठवण सांगता येते, ती वेगळी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळ निवांत ठेवावी. शरीराचे ‘एक ते चार’ अजून तिथल्या सकाळीच असतात. मोठे ठिकाण अकरानंतर, एकच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घड्याळ जुळत येते, तेव्हा क्रम उलटावा: सकाळी मोठे ठिकाण, संध्याकाळी छोटे, आणि मध्ये एक ते चार बसण्याचा कार्यक्रम. ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना कायमच्या दालनांसाठी प्रवेशशुल्क नाही. म्हणून तिथे पैसे वसूल करण्याची घाई नको. दीड तास पाहावे, बाकावर टेकावे, स्वच्छतागृह वापरावे, निघावे. वेस्टमिन्स्टरहून ग्रिनिचला थेम्स नदीतून बोटीने साधारण तासाभरात जाता येते, तो तासही बसूनच जातो आणि टॉवर ब्रिज खालून दिसतो. ग्रिनिचची वेधशाळा टेकडीवर आहे, चढ पर्वतीची आठवण करून देणारा. ज्यांना जमेल त्यांनी वर जाऊन शून्य रेखावृत्तावर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवावा. बाकीच्यांना खालची हिरवळ आहे.

बरोबर पाण्याची बाटली असावी, लंडनचे नळाचे पाणी पिण्याजोगे असते. दर दोन तासांनी बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, हे आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवले तर आजी पाणी टाळणार नाहीत. आणि सहा-सात दिवसांच्या मुक्कामात एक दिवस पूर्ण कोरा ठेवावा. कुणाचा पाय मुरगळला, पोट बिघडले किंवा नुसता पाऊस लागला, तर तो दिवस खर्ची पडतो. काहीच झाले नाही, तर तो सगळ्यांच्या आवडीचा ठरतो.

परतल्यावर

परतीचा प्रवास पूर्वेला, आणि शरीराला तो जास्त जड. दिवस आखडतो, रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. रोज साधारण तासभर या गतीने घड्याळ पुढे येते, म्हणजे पाच-सहा दिवस धरावेत. सकाळचे ऊन अंगावर घेतले की ते लवकर जुळते. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री परतण्याचे तिकीट म्हणूनच महाग पडते, स्वस्तात मिळाले तरी. आणि विमानातून उतरून स्वतः गाडी हाकत पुण्याला येऊ नये. पेंगुळलेला चालक द्रुतगती मार्गावर सहलीतल्या कोणत्याही धोक्यापेक्षा मोठा धोका असतो.

गुठळीचा धोका प्रवास संपल्यावरही काही आठवडे उरतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तो ‘चालून चालून आलेला थकवा’ म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे. ताप आला तर कुठे जाऊन आलो, कुठे विमान बदलले, हे न विचारताही सांगावे.

फोटो पाहायला नातेवाईक येतील, ‘मादाम तुसाँ राहिलेच का?’ असे विचारतीलही. राहिलेल्या ठिकाणांची यादी थोडी मोठी असली तरी बिघडत नाही. गेलेले सहाही जण स्वतःच्या पायांनी जिना चढून घरात आले आणि पुढच्या खेपेची भाषा करू लागले, की आखणी जमली.